ओठाआडचा लेप

ज्या दुखण्याची ही नोंद आहे तो आजार नव्हता. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत तसं स्पष्ट सांगितलं. हिरड्या काळ्या असणं म्हणजे त्यांत रंगद्रव्य जास्त असणं, अंगाच्या कातडीत असतं तसंच. त्याने काही बिघडत नाही आणि ते काढायची गरजही नसते. काढायचंच ठरवलं तर हिरडीची वरची पातळ कातडी खरवडावी लागते, आणि तिथे जखम होते. ती जखम भरेपर्यंतचे दिवस इथे लिहिले आहेत. इंटरनेटवर याचे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो मिळतात. मधलं फारसं कुणी सांगत नाही.

प्रश्न

सोलापूरच्या एका दैनिकात पाच वर्षं डेस्कवर काम केल्यानंतर मी जयपूरला आलो. मालवीय नगरमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी मजकूर लिहितो. वय एकतीस. वडील नाहीत. आई बार्शीला असते.

डिसेंबरमध्ये खातीपुऱ्याला मोहित्यांच्या घरी पाहण्याचा कार्यक्रम झाला. मोहिते काका विमा कंपनीत दावे तपासणारे अधिकारी. बदल्या होत होत चार वर्षांपूर्वी इथे आले. त्यांची मुलगी अनुजा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करते. तिचं लहानपण भोपाळ, रायपूर आणि लखनौमध्ये गेलं, त्यामुळे तिच्या मराठीत दर दोन वाक्यांनंतर एक 'मतलब' येतो.

पोहे झाले. अनुजाने ऑफिसातली एक गंमत सांगितली. मी मोकळेपणाने हसलो. त्याच क्षणी काकांनी विचारलं, "तंबाखू खाता?"

"नाही."

"गुटखा, मावा, सिगरेट?"

"काहीच नाही."

"घरात कोणी?"

"कोणी नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांचे थोरले बंधू तोंडाच्या कॅन्सरने गेले. "शेवटचे तीन महिने भाऊ नळीनं जेवला," ते म्हणाले. "मी एवढंच विचारतो. बाकी पगार, पत्रिका, सगळं हिची आई बघते." पुढची भेट जानेवारीच्या अखेरीस ठरली.

माझ्या हिरड्या कळत्या वयापासून काळ्या आहेत. काकांचा प्रश्न याआधी कटिंगवाल्याने विचारला होता, कॉलेजातल्या सरांनी विचारला होता, रक्तदान शिबिरातल्या नर्सनेही विचारला होता. या वेळी तो माझ्या हसण्यापाठोपाठ आला होता. त्यामुळे निष्कर्ष सरळ वाटला: काकांना हिरड्या दिसल्या, आणि माझं 'नाही' त्यांना पटलं नाही. अनुजा मला आवडली होती. हसू आलं की ती आधी इकडेतिकडे बघते आणि मग हसते, ते विशेष आवडलं होतं. स्थळ आता त्या एका 'नाही'वर अडलेलं होतं, असं मी धरून चाललो.

तपासणी

क्लिनिक ऑफिसपासून चालत सात मिनिटांवर. डॉक्टरबाई चाळिशीच्या, जयपूरच्याच. ओठ वर करून त्यांनी पहिला प्रश्न केला, "तंबाकू?" नाही म्हटल्यावर आईवडिलांच्या हिरड्यांची चौकशी केली. वडिलांच्या अशाच होत्या.

"फिर तो खानदानी है," त्या म्हणाल्या. "शादी है?"

"ठहरनी है."

"लड़की ने कुछ बोला?"

"नहीं."

"तो किसके लिए करवा रहे हो?"

ज्यांना हे करून घ्यायचं आहे त्यांनी याचं उत्तर आधी स्वतःला द्यावं. डॉक्टरांनी एक आठवडा विचार करायला सांगितलं. आठव्या दिवशी मी परत गेलो. फक्त आईला फोन करून कळवलं. तिने एवढंच विचारलं, "जेवनाचं काय करनार?" आणि रेल्वेचं तिकीट काढलं.

चाळीस मिनिटं

शस्त्रक्रिया हा शब्द ऐकून जे चित्र उभं राहतं तसं काही नसतं. दातांच्या डॉक्टरांची नेहमीची खुर्ची, नेहमीचा दिवा. सर्वांत जास्त दुखतात ती बधिर करण्याची इंजेक्शनं. ती सात होती. त्यानंतर दुखत नाही, पण आवाज येतो. कैरीची साल पातळ काढताना येतो तसा. वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंच्या समोरच्या हिरड्या एकाच बैठकीत झाल्या. शेवटी डॉक्टरांनी मळलेल्या कणकेसारखा गुलाबी लेप जखमेवर थापला. तो दहा मिनिटांत घट्ट झाला. आठ दिवस तो तिथेच राहणार होता.

सूचनांचा कागद मिळाला. गरम नाही, तिखट नाही, कडक नाही. बारीक दाणे नाहीत, ते लेपाखाली जातात. समोरच्या दातांना ब्रश नाही, दुसऱ्या दिवसापासून औषधी पाण्याने चूळ. ओठ ओढून बघायचा नाही. पहिल्या दिवशी गालाबाहेरून बर्फ, दहा मिनिटं ठेवायचा, दहा मिनिटं काढायचा.

जानेवारीत जयपूरला बर्फ मागायला गेलं की दुकानदार तुमच्याकडे नीट बघतो.

पहिली चूक

डॉक्टरांनी सांगितलं होतं की बधिरपणा उतरायच्या आत वेदनाशामक गोळी घ्या. घरी आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि काहीही दुखत नव्हतं. दुखत नसताना गोळी कशाला, असा विचार करून ती टेबलावर ठेवली.

साडेतीनला ओठांना मुंग्या आल्या. चारला जळजळ. साडेचारला तव्याला तोंड लावल्यासारखं वाटू लागलं. वेदना शून्य ते दहामध्ये लिहायची ठरवली होती. साडेचारच्या पुढे वहीत आठ आहे. गोळी तेव्हा घेतली, तिचा गुण येईपर्यंत साडेपाच वाजले. तो एक तास पूर्णपणे टाळता आला असता. वेदना एकदा पुढे निघून गेली की गोळीला तिच्यामागे धावावं लागतं. या लेखातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे ठेवा.

त्यानंतर सांगितलेल्या वेळी, काहीतरी खाऊन, न चुकता गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी आकडा चार होता. तिसऱ्या दिवशी तीन. पाचव्या दिवसापासून गोळी लागली नाही.

आईची व्यवस्था

आई शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच येऊन पोचली होती. सोबत शेंगाचटणी, जवसाची चटणी आणि लसणाचं तिखट. सूचनांचा कागद ऐकून तिने तिन्ही बरण्या कपाटात वर ठेवल्या. "आजाऱ्याला तिखट न्हाई, हे कसलं दुखनं," असं म्हणून ज्वारीच्या पिठाची आंबील केली, ताक घालून, गार. दिवसातून चार वेळा आंबील, एकदा दहीभात, एकदा कुस्करलेलं केळ. शेजारच्या घरात वाफाळता चहा आणि कचोरी चाललेली असताना स्वेटर घालून गार आंबील प्यायची. त्याचीही सवय झाली.

सकाळी सातला आणि पुन्हा रात्री जेवणानंतर आई बेसिनपाशी उभी राहून मशेरी लावायची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली ती पूड बोटाने दातांना चोळायची, पंधरा मिनिटं. तिची पत्र्याची डबी बेसिनच्या कडेवर असायची. शेजारी माझा ब्रश, निम्म्याच दातांना लागत असल्याने बहुतेक वेळ कोरडा, आणि चूळ भरायच्या औषधाने तपकिरी डाग पडलेला पेला.

तिसऱ्या दिवशी, करू नका म्हणून सांगितलेलं केलं. ओठ ओढून आरशात पाहिलं. लेपाच्या कडेला पिवळट पांढरा थर होता. पू झाला या समजुतीने डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, तो पू नाही, जखम भरताना येणारा थर आहे, खरवडू नका, ताप आला किंवा सूज वाढली तर या. ताप नव्हता. पण त्या फोनआधीची वीस मिनिटं वाईट गेली. "आरशाचं काम काय तुझं?" आई म्हणाली आणि आरशावर टॉवेल टाकला.

संक्रांत

चौथ्या दिवशी संक्रांत होती. जयपूरला त्या दिवशी सगळं शहर गच्चीवर असतं. सकाळपासून लाउडस्पीकर, पतंग आणि दर मिनिटाला कुठून तरी 'वो काटा'. अकराच्या सुमाराला बेल वाजली. आईने दार उघडलं. मोहिते काका होते, हातात तिळगुळाचा डबा.

"सणाचा तिळगूळ वाटत निघालोय," ते म्हणाले. "फोन केला नाही. माझी सवयच आहे ती."

"या की पाव्हणं, बसा," आई म्हणाली.

काकांनी माझ्या तळहातावर वडी ठेवली. "तिळगूळ घ्या, गोड बोला."

तीळ खाणं शक्य नव्हतं, दाणे लेपाखाली गेले असते. बोलणं शक्य होतं, पण लेपामुळे खालचा ओठ पुढे आलेला आणि तोंडात लाळ साठलेली. ती सांडू नये म्हणून हनुवटी वर करून बोलावं लागत होतं. तंबाखूचा बार भरलेला माणूस बोलताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना वेगळं वर्णन करून सांगायला नको.

"नंतर खातो, काका," मी छताकडे बघत म्हणालो.

काका माझ्या ओठाकडे बघत राहिले. "तोंडात काय आहे?"

"औषध."

"कसलं?"

"हिरड्यांचं."

उत्तर खरं होतं. बार भरलेला माणूसही हेच उत्तर देतो, हे ते तोंडातून निघाल्यावर लक्षात आलं.

काकांनी हात धुवायला जागा विचारली. दाव्याच्या तपासासाठी कुणाच्याही घरी गेले की ते आधी हात धुतात, हे मला नंतर कळलं. बैठकीची खोली आवरता येते, बेसिन कुणी आवरत नाही. आत नळ सुरू झाला. बंद झाला. त्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. तिथे कोरडा ब्रश होता, तपकिरी पेला होता, टॉवेल टाकलेला आरसा होता आणि डबी होती. दावे तपासणाऱ्या माणसाला इतका पुरावा एका जागी क्वचितच मिळत असेल.

ते बाहेर आले आणि उभ्यानेच म्हणाले, "ती मशेरीची डबी कुणाची?"

आईचं नाव पुढे करून स्वतः सुटायचं, हे तिच्यादेखत जमेना.

"माझी हाय," आई म्हणाली. "बत्तीस वर्सं झाली. सागरचा तिच्याशी काय संबंध न्हाई."

काका माझ्याकडे वळले. "घरात कोणी नाही, असं सांगितलं होतंत तुम्ही."

सांगितलं होतं. त्या वेळी आईचा विचार मनाला शिवलाही नव्हता. तंबाखू म्हणजे चावतात ती, ओढतात ती. मशेरी आमच्या घरात दात घासण्यात मोजतात. एकतीस वर्षं रोज सकाळी ती डबी पाहूनही तिला कधी तंबाखू म्हटलं नव्हतं. हे हनुवटी वर करून समजावणं अवघड होतं. आईनेच ते केलं.

"पाव्हणं, लबाड न्हाई बोलला त्यो. मला कुनी इचारलं तर मीबी न्हाईच म्हनंल. तंबाखू गडीमानसं खात्यात. आमी दात घासतो."

"माझी वहिनीही हेच सांगते," काका म्हणाले. "विम्याचा फॉर्म भरताना सगळेच हेच सांगतात." मग मला म्हणाले, "आणि हे औषध?"

मी क्लिनिकचं कार्ड दिलं. त्यांनी चष्मा लावला, कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं. "हे मुद्दाम करून घेतलंत?"

"हो."

"कशासाठी?"

"तुम्ही विचारलं होतं ना, तंबाखू खाता का म्हणून."

काकांनी कार्ड खाली केलं. परवानगी घेऊन कार्डाचा फोटो काढला, "बघतो" म्हणाले आणि गेले.

घरातलं वातावरण

आजारपणात घरच्यांशी भांडण होतं ते बहुतेक लहानशा गोष्टीवरून होतं. आमचं डबीवरून झालं.

"ती आत ठेवता आली नसती का?" मी विचारलं.

"आनि तुला हिरड्या सोलून घ्यायच्या आधी इचारता आलं नसतं का? त्यास्नी, न्हाईतर त्या पोरीला?"

दुपारची आंबील जरा आदळतच माझ्यापुढे आली. आकाशात शेकडो पतंग होते. संध्याकाळी आई म्हणाली, "माझ्यापायी मोडलं म्हनशील."

"नाही म्हणणार."

"मनात म्हनशील."

दुसऱ्या दिवशी डबी बेसिनवर नव्हती. मशेरी सुटली नव्हती, ती गॅलरीत गेली होती.

पाचव्या आणि सहाव्या दिवशी खातीपुऱ्याहून फोन आला नाही. वहीत या दोन्ही दिवशी वेदनेपुढे एक आहे. खरं तर आकडा हिरड्यांचा होता, बाकीच्याचा लिहिला नाही. चूळ भरायच्या औषधामुळे जिभेला कशाचीच चव लागत नव्हती. ही तक्रार डॉक्टरांना सांगितली. त्यांनी सांगितलं की औषध थांबलं की चव परत येते. आली.

सातव्या दिवशी दुपारी अनुजाचा मेसेज आला. 'पप्पांनी कार्डचा फोटो दाखवला. उद्या पॅक, मतलब लेप, निघणार ना? मी येऊ?' मी 'या' असं लिहिलं. एवढं लिहायला सहा मिनिटं लागली.

आठवा दिवस

अनुजा ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून क्लिनिकवर आली. आईला नमस्कार केला आणि आमच्याबरोबर आत आली. लेप दोन तुकड्यांत निघाला. दुखलं नाही, ओढ बसली. लेपाखालची हिरडी गुलाबी, चकचकीत, काही ठिकाणी लालसर. डॉक्टर म्हणाल्या की जखम चांगली भरली आहे, रंग एकसारखा व्हायला अजून तीनेक आठवडे लागतील, उद्यापासून मऊ ब्रश. ओठ पहिल्यांदा पूर्ण मिटला. आठ दिवसांनी ओठ मिटणं ही किती चांगली गोष्ट आहे हे ज्यांचा मिटतो त्यांना कळणार नाही.

डॉक्टर औजारं आवरत असताना अनुजा म्हणाली, "एक सांगू? पप्पांनी जे विचारलं ना, ते तुमच्या हिरड्या बघून नव्हतं विचारलं."

"मग?"

"ते सगळ्यांना विचारतात. तुमच्याआधी दोन मुलं आली होती, त्यांनाही. पोहे संपले की विचारतात. माझ्या मावसबहिणीच्या नवऱ्याला तर मांडवात विचारलं. भाजीवाल्या भैयांना पण विचारतात, मतलब, दर आठवड्याला."

डेस्कवर असताना दुसऱ्या सूत्राकडून खात्री केल्याशिवाय मी दोन ओळींची बातमीही सोडली नव्हती. इथे सूत्र एकही नव्हतं, नुसता तर्क होता, आणि त्यावर मी हिरड्या खरवडून घेतल्या होत्या.

"तुम्हाला दिसल्या होत्या?" मी विचारलं. "हिरड्या?"

"दिसल्या की. मतलब, तुम्ही एवढे हसलात, सगळंच दिसलं." ती इकडेतिकडे बघून हसली. "मला वाटलं, चला, माझा जोक कुणाला तरी कळला."

"आणि काका काय म्हणाले?"

"दोन दिवस काहीच नाही. मग म्हणाले, मुलगा खोटं बोलणारा नाही, पण विचारणाराही नाही. विचारायची सवय लावता येते." मग ती आईकडे वळली. "काकू, तुम्ही पण दाखवून घ्या ना. पप्पांनी सांगितलंय. त्यांनी आमच्या ताईंना, मतलब मोठ्या काकूंना पण नेलं होतं."

"मला काय झालंय?"

"नसेल झालं तर चांगलंच. बसा तरी."

आई पदर सावरून खुर्चीत बसली आणि हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरून तिने तोंड उघडलं. डॉक्टरांनी दिवा फिरवून गाल, जीभ, ओठांची आतली बाजू, सगळं पाहिलं. त्याला चार मिनिटं लागली. माझ्या आठ दिवसांत इतका लांब वेळ दुसरा नव्हता. चट्टा नव्हता. हिरड्या झिजल्या होत्या. मशेरी बंद करा, एकदम जमत नसेल तर सोडायला मदत मिळते, तीन महिन्यांनी परत दाखवा, असं त्यांनी सांगितलं. अनुजाने ते आईला मराठीत समजावलं. आईने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "गॅलरीत लई थंडी वाजती," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती दिवसातून एकदाच लावते आहे आणि कुणी तंबाखूचं विचारलं तर कबूल करते.

निघताना मी डॉक्टरांना विचारलं की हिरड्या पुन्हा काळ्या होतात का. त्या म्हणाल्या की होऊ शकतात, काही जणांत दोन-चार वर्षांत थोडा रंग परततो, मग हवं तर पुन्हा करता येतं.

"नाही हं," अनुजा मला म्हणाली. "दोन-चार वर्षांनी परत नाही करायचं. तेव्हा सुट्टी मला काढावी लागेल."

मी त्या वाक्याचा अर्थ लावत होतो. आईला तो आधीच लागला होता. ती उठून अनुजाजवळ गेली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

डॉक्टरांना मराठी कळत नव्हती. "क्या हुआ?" त्यांनी विचारलं.

"कुछ नही, डॉक्टरबाई," आई तिच्या हिंदीत म्हणाली. "पोरगे का लगीन ठहर गया."

"अच्छा? मुबारक हो," डॉक्टर म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून त्यांनी कार्डावर शेवटची ओळ लिहिली आणि ती वाचूनही दाखवली: चार दिन ज़्यादा हँसना मना है, चमड़ी नई है.

आतापर्यंतच्या सगळ्या सूचनांपैकी एवढी एक पाळता आली नाही.